अपाची कॅमल: विद्यापीठातल्या विखुरलेल्या प्रणाली जोडायला कितपत उपयोगी?

विद्यापीठात प्रवेशाची प्रणाली वेगळी, परीक्षेची वेगळी, शुल्काची तिसरीच. त्यात ग्रंथालय, ऑनलाइन शिकवणीचं मूडल, वसतिगृह, ईमेल आणि ओळखपत्रं धरली की आठ प्रणाली सहज होतात. प्रत्येकीला प्रत्येकीशी थेट जोडायचं ठरवलं तर २८ जोड्या होतील. एवढ्या कुणी बांधत नाही, पण गरजेपुरत्या बांधलेल्या जोडण्याही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या असतात. कुणाची रात्री चालणारी स्क्रिप्ट, कुणाचा सरळ दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये घुसणारा व्ह्यू, कुणाची रोज हाताने चढवायची एक्सेल फाइल. सेवाधारित पद्धतीचं म्हणणं असं की प्रत्येक प्रणालीने आपलं काम ठरलेल्या करारामागे सेवा म्हणून उघडं करावं, दुसऱ्याच्या टेबलांना कुणी हात लावू नये, आणि मधली ने-आण एकाच ठिकाणी सांभाळली जावी. ही ने-आण अपाची कॅमल या प्रणाली जोडणाऱ्या लायब्ररीवर सोपवावी का, हे इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगायचा तर: ने-आणीसाठी कॅमल उत्तम आहे, आणि जावा जाणणारी दोन माणसं ज्या संगणक विभागात आहेत तिथे महागड्या एकात्मिक संचापेक्षा तोच घ्यावा. मात्र कोणती माहिती कोणत्या प्रणालीची खरी मानायची, हे कॅमल ठरवत नाही. ते आधी कागदावर ठरलेलं नसेल तर तो चुकीचा पत्तासुद्धा तितक्याच वेगाने सात ठिकाणी पोचवेल.

हाती काय मिळतं

कॅमल ही जावाची लायब्ररी आहे. वेगळा सर्व्हर उभा करावा लागत नाही. २००७ मध्ये ॲक्टिव्हएमक्यू या संदेश-दलालाचा (संदेश रांगेत ठेवून पुढे पोचवणाऱ्या साधनाचा) उपप्रकल्प म्हणून त्याची पहिली आवृत्ती आली. परवाना अपाची २.०, म्हणजे वापरायला शुल्क नाही. सध्याची ४ ची मालिका ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिला किमान जावा १७ लागतो. सगळी मांडणी 'रूट' या एका कल्पनेवर उभी आहे: इथून घे, असं बदल, तिथे दे. रूट जावात लिहा, एक्सएमएलमध्ये लिहा, नाहीतर यॅमलमध्ये. डेटाबेस, फाइल, एसएफटीपी, रेस्ट, सोप (वेबसेवांच्या दोन पद्धती), एलडॅप (लॉगिन खात्यांची निर्देशिका), जेएमएस, काफ्का (संदेशांची ने-आण) अशा टोकांसाठी ३०० हून अधिक घटक तयार आहेत. चालवायला स्प्रिंग बूट किंवा क्वार्कस ही जावाची चौकट घ्या. नुसतं करून बघायचं असेल तर जेबँग या आज्ञावलीने एकच फाइल थेट चालते, प्रकल्प मांडायचीही गरज पडत नाही.

मोठ्या ईएसबी (सगळ्या प्रणाली एका मधल्या वाहिनीने जोडणाऱ्या) संचांशी तुलना केली की याचा खरा फायदा कळतो. तिथे जोडणी चित्रात काढायची, ती संचाच्या स्वतःच्या साठ्यात राहणार, आणि गेल्या सत्रात नेमकं काय बदललं हे शोधायला संचाचंच साधन उघडावं लागणार. कॅमलचा रूट म्हणजे साधा मजकूर. तो गिटमध्ये राहतो, ओळ कुणी कधी बदलली ते दिसतं, जुनी आवृत्ती परत आणता येते. विद्यापीठात माणसं बदलतात आणि जोडण्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, म्हणून ही गोष्ट बाकी सगळ्या सोयींपेक्षा मोलाची वाटते.

बदल उचलण्याची जागा

कसोटीसाठी सगळ्यात नेहमीचं काम घेऊ. प्रवेश निश्चित झाला की विद्यार्थ्याचं खातं एलडॅपमध्ये तयार व्हावं, मूडलमध्ये तो विषयांना जोडला जावा आणि ग्रंथालयात सभासद व्हावा.

पहिली चूक उगमापाशीच होते. मूळ टेबलमध्ये 'शेवटचा बदल' असा वेळेचा रकाना असतो; दर मिनिटाला त्यावरून नव्या ओळी उचलायच्या, असं सगळ्यांना सुचतं. वेळेचा शिक्का ओळ लिहिताना पडतो, पण इतरांना ती ओळ दिसते डेटाबेसचा व्यवहार कमिट (पक्का) झाल्यावर. समजा शिक्का १०:००:०५ चा आहे आणि कमिट १०:००:१२ ला झालं. मधेच १०:००:१० ला तुमची फेरी झाली आणि 'इथपर्यंत वाचलं' ही खूण पुढे सरकली, तर ती ओळ कायमची सुटली. लॉगमध्ये चूक दिसत नाही, कुठे लाल दिवा लागत नाही. विद्यार्थी तक्रार घेऊन येतो तेव्हाच कळतं, आणि प्रवेशाच्या गर्दीत व्यवहार लांबतात तेव्हाच हे जास्त घडतं.

त्यापेक्षा आउटबॉक्स टेबल ठेवावं. प्रवेश ज्या व्यवहारात निश्चित होतो त्याच व्यवहारात या टेबलमध्ये एक ओळ पडते: चढता क्रमांक, विद्यार्थ्याचा कायम क्रमांक, घटनेचा प्रकार, मजकूर, आवृत्ती, स्थिती आणि प्रयत्नांची संख्या. विक्रेता कोडला हात लावू देत नसेल तर डेटाबेस ट्रिगरने (ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या आज्ञेने) हेच साधतं. इथून पुढे कॅमलचा एसक्यूएल घटक छान काम करतो. तो मुळात दर ५०० मिलिसेकंदाला विचारणा करतो, प्रत्येक ओळ स्वतंत्र संदेश म्हणून सोडतो, आणि 'ऑन कन्झ्यूम' पर्यायात दिलेली अपडेट क्वेरी ओळ यशस्वी झाल्यावर चालवतो. 'ऑन कन्झ्यूम फेल्ड' मात्र आवर्जून लिहावं आणि त्यात प्रयत्नांचा आकडा वाढवावा. ते नसेल तर नापास ओळ तशीच राहते, अर्ध्या सेकंदाने पुन्हा उचलली जाते, पुन्हा नापास होते आणि सकाळपर्यंत लॉगने डिस्क भरते.

इथे एक बारीक खाच आहे. रूटला डेड लेटर चॅनल (फसलेले संदेश बाजूला ठेवायची वाट) लावलेलं असेल तर फसलेला संदेश तिकडे वळवला की कॅमलच्या हिशेबी तो हाताळला गेला. म्हणजे 'ऑन कन्झ्यूम' चालतं आणि आउटबॉक्समध्ये 'झालं' अशी खूण पडते, प्रत्यक्षात खातं कुठेच तयार झालेलं नसतं. डेड लेटरच्या रूटमध्येच त्या ओळीची स्थिती 'अडकलं' अशी बदलावी, आणि 'ऑन कन्झ्यूम'च्या क्वेरीत 'अडकलं नसेल तरच' ही अट घालावी. दोन्ही केल्याशिवाय आकडे जुळत नाहीत.

कॅमलच्या दोन प्रती एकाच वेळी चालवायच्या असतील तर निवडीच्या क्वेरीला 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' (दुसऱ्याने धरलेली ओळ वगळ) जोडून ती व्यवहारात चालवावी. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ८ दोन्हीत ही सोय आहे. ती नसेल तर एकाच विद्यार्थ्याची ओळ दोन्ही प्रती उचलतात.

प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र रांग

आउटबॉक्समधून उचललेला संदेश थेट तीन प्रणालींना एकापाठोपाठ देणारा रूट दिसायला सुटसुटीत असतो, पण चालवायला वाईट. मूडल देखभालीसाठी बंद असलं की ग्रंथालयाचं कामही थांबतं. मधे आर्टेमिससारखा संदेश-दलाल ठेवून प्रत्येक प्रणालीची वेगळी रांग करावी. कॅमलमध्ये सेडा नावाची आतली रांगही आहे, पण ती फक्त मेमरीत राहते: प्रक्रिया पडली की आतले संदेश गेले. तिची क्षमता मुळात १००० संदेशांची आहे, आणि भरली की पाठवणाऱ्यालाच एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) मिळतं. प्रवेशाच्या नोंदींसाठी ती वापरू नये. तात्पुरत्या मोजणीसाठी किंवा कॅशे ताजी करायला ठीक आहे.

रांग आली की क्रमाचा प्रश्न येतो. वेग वाढवायला जेएमएसचे ग्राहक (रांगेतून संदेश उचलणारे) एकावरून पाच केले की एकाच विद्यार्थ्याचे 'प्रवेश' आणि 'प्रवेश रद्द' हे संदेश उलट्या क्रमाने पोचू शकतात, आणि रद्द झालेला विद्यार्थी मूडलमध्ये ठाण मांडून बसतो. संदेशावर गटाची खूण म्हणून विद्यार्थ्याचा कायम क्रमांक लावला की त्या विद्यार्थ्याचे सगळे संदेश एकाच ग्राहकाकडे क्रमाने जातात. तरीही संदेशात आवृत्तीचा आकडा असावा, आणि साठवलेल्या आकड्याइतका किंवा त्याहून जुना संदेश सरळ टाकून द्यावा. गटाची खूण पुन्हा पाठवणीच्या वेळी नेहमी पुरी पडत नाही, आवृत्ती पडते.

पुन्हा प्रयत्न कुठे करायचे हेही आधी ठरवून घ्यावं. कॅमलचा साधा एरर हँडलर स्वतःहून एकदाही पुन्हा प्रयत्न करत नाही; आकडा तुम्हाला द्यावा लागतो. आर्टेमिस मात्र मुळात १० वेळा संदेश देऊन बघतो, तेही मधे न थांबता. कॅमलमध्ये पाच पुनःप्रयत्न ठेवले तर प्रत्येक वितरणात सहा प्रयत्न होतात, आणि दलालाचे दहा धरले की एका वाईट नोंदीसाठी मूडलवर ६० धडका. एकाच पातळीवर प्रयत्न ठेवावेत. कॅमलमध्ये ठेवले तर वाढत्या अंतराची सोय स्पष्टपणे चालू करावी, कारण ती मुळात बंद असते आणि दोन प्रयत्नांत सरसकट एक सेकंद जातो. एक सेकंदात बंद पडलेला सर्व्हर उठत नाही.

कॅमल फसलेल्या पायरीपासूनच पुन्हा प्रयत्न करतो, आख्खा रूट पहिल्यापासून चालवत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रक्रिया मधेच पडून पुन्हा सुरू झाली तर दलाल तोच संदेश पहिल्यापासून देणार. म्हणून आयडेम्पोटंट कन्झ्यूमर लागतोच, म्हणजे एकदा हाताळलेला संदेश ओळखून वगळणारी पायरी. तिची मेमरीतली नोंदवही मुळात १००० क्रमांकच लक्षात ठेवते आणि सर्व्हर सुरू-बंद झाला की कोरी होते. जेडीबीसीची (डेटाबेसमध्ये राहणारी) नोंदवही वापरावी. तिच्या टेबलमध्ये तारखेचा रकाना असतो, पण जुन्या ओळी आपणहून पुसल्या जात नाहीत. ती साफसफाई वेगळी लावावी.

मूडलपाशी सगळ्यात जास्त वेळ जातो

मूडलचा रेस्ट दरवाजा नावाला रेस्ट आहे. पत्ता एकच, त्यात टोकन (ओळख पटवणारा संकेत) आणि फंक्शनचं नाव द्यायचं, आणि माहिती जेसन या मजकूर-रचनेत न पाठवता फॉर्मच्या रकान्यांसारखी: 'युजर्स', चौकटी कंसात शून्य, पुन्हा चौकटी कंसात रकान्याचं नाव. कॅमलमध्ये वस्तूचं जेसन सहज करता येतं म्हणून तसंच पाठवलं तर मूडल 'आवश्यक रकाना नाही' म्हणतं, आणि बिचारा प्रोग्रॅमर जेसनमध्ये तो रकाना समोर दिसत असताना तास घालवतो. फॉर्मची ओळ बांधणारा छोटा वर्ग एकदाच लिहावा आणि सगळ्या रूटनी तोच वापरावा.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. मूडल चूक झाली तरी एचटीटीपीचं उत्तर २०० देतं. 'एक्सेप्शन', 'एररकोड' आणि 'मेसेज' हे उत्तराच्या आत असतात. कॅमलचा एचटीटीपी घटक २०० ते २९९ हे यश मानतो. त्यामुळे नापास झालेला प्रत्येक विद्यार्थी यशस्वी म्हणून पुढे जातो, आणि वरची सगळी पुनःप्रयत्नांची यंत्रणा हातावर हात ठेवून बसते. मूडलच्या प्रत्येक हाकेनंतर जेसनपाथने (जेसनमधला रकाना शोधणाऱ्या भाषेने) 'एक्सेप्शन' रकाना तपासून असेल तर स्वतःचं एक्सेप्शन फेकणारी पायरी हवीच. जेसनपाथ रकाना सापडला नाही तर स्वतःच ओरडतो, म्हणून 'सप्रेस एक्सेप्शन्स' चालू ठेवावं. आणखी एक: विषयाला जोडणारं फंक्शन यशस्वी झाल्यावर उत्तरात फक्त 'नल' येतं. ते वाचताना पायरी कोसळणार नाही एवढं बघावं.

चुकांचे दोन गट करावेत. टोकन चुकलं, ईमेल आधीच कुणाचा आहे, वापरकर्त्याच्या नावात मोठं अक्षर आलं, अशा चुका कितीही वेळा पाठवल्या तरी सुटत नाहीत. त्या लगेच डेड लेटरमध्ये जाव्यात. वेळ संपली, जोडणीच झाली नाही, ५०० मालिकेचं उत्तर आलं, तरच पुन्हा प्रयत्न. ईमेलची चूक विशेष त्रास देते: दोन भावंडांनी अर्जात घरातला एकच ईमेल दिलेला असतो, आणि मूडल मुळात एका ईमेलवर दुसरं खातं घेत नाही. यावर विद्यापीठाने दिलेला ईमेल हाच मूडलचा ईमेल ठेवणं हा स्वच्छ मार्ग आहे.

गठ्ठ्याने खाती बनवताना कॅमलचा ॲग्रीगेटर वापरता येतो, पण गठ्ठा लहान ठेवावा. खाती बनवणारं फंक्शन एकाच व्यवहारात चालतं. ५० जणांत एक नोंद वाईट असेल तर पन्नासही जण नापास. शिवाय पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिलं आहे ती) एका विनंतीत मुळात १००० च रकाने घेतं. आठ रकान्यांच्या हिशेबाने १२५ वा विद्यार्थी त्या मर्यादेवर बसतो; पुढचे रकाने पीएचपी फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये इशारा नोंदवून कापून टाकतं. मूडलच्या अलीकडच्या आवृत्त्या ही मर्यादा ५००० करायला सांगतात, पण जुन्या सर्व्हरवर ती तपासून घ्यावी. २० चा गठ्ठा, आणि तो फसला तर स्प्लिटरने फोडून एकेक पाठवणारा पर्यायी रूट, ही रचना चांगली चालते. ॲग्रीगेटरला नुसती संख्या देऊ नये, वेळेची मर्यादाही द्यावी. नाहीतर उरलेले सात जण विसावा विद्यार्थी येईपर्यंत तिष्ठत राहतात.

प्रवेश रद्द झाल्यावर विद्यार्थ्याला विषयातून काढून टाकणारं फंक्शन वापरू नये. त्याने गटातली जागा जाते आणि गुणांची नोंद परत आणताना हाल होतात. जोडणाऱ्याच फंक्शनला 'सस्पेंड' म्हणून १ पाठवावं: प्रवेश बंद होतो, काम जागेवर राहतं, आणि दोन दिवसांनी रद्दचा निर्णय फिरला तर शून्य पाठवून पूर्ववत करता येतं.

जोडणीची वेळमर्यादाही स्पष्ट द्यावी. एचटीटीपी घटकाची जोडणीची मुळातली मर्यादा तीन मिनिटांची आहे, आणि एका पत्त्याकडे एकावेळी २० जोडण्या. मूडल घुसमटलं तर त्या वीसही जोडण्या तीन-तीन मिनिटं अडकतात. जोडणीला ५ सेकंद आणि उत्तराला २० ते ३० सेकंद पुरेत. सर्किट ब्रेकर (सतत फसणाऱ्या प्रणालीकडच्या हाका काही काळ थांबवणारी पायरी) लावायचा असेल तर रेझिलियन्सफोरजेचा घटक आहे, पण त्याचे मुळातले आकडे मोठ्या रहदारीचे आहेत: किमान १०० हाका झाल्याशिवाय तो फसण्याची टक्केवारी मोजतच नाही. सत्राच्या मध्यावर दिवसभरात तेवढ्या हाका होत नाहीत, म्हणजे ब्रेकर वेळेवर उघडणार नाही. किमान हाका १० वर आणाव्यात.

ग्रंथालय, एलडॅप आणि फाइली

कोहा या ग्रंथालय-प्रणालीचा रेस्ट इंटरफेस मूडलपेक्षा सरळ आहे. सभासद बनवायला आडनाव, शाखेचा संकेत आणि सभासद-वर्ग हे तीन रकाने लागतातच. आडनाव न लावणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काय भरायचं हे आधी ठरवून घ्यावं. सभासद आधीच असेल तर ४०९ उत्तर येतं. ते चूक न मानता 'आहे, तर शोध आणि ताजं कर' या फाट्याकडे वळवावं.

एलडॅपबाबत कॅमलची कागदपत्रं नीट वाचावीत. साधा एलडॅप घटक फक्त शोध घेतो. त्यातून खातं बनत नाही. नोंद घालायची, बदलायची असेल तर स्प्रिंग एलडॅपचा घटक घ्यावा. तेही मोजक्या गुणधर्मांपुरतंच ठेवावं. परवाने, गट आणि खातं बंद करण्याचे नियम वाढू लागले की ते काम मिडपॉइंटसारख्या ओळख-व्यवस्थापनाच्या साधनाकडे द्यावं आणि कॅमलने त्याला फक्त घटना कळवावी.

शुल्काच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी अजून फाइलनेच येतात, आणि फाइल घटक कॅमलच्या जुन्या आणि घोटलेल्या भागांपैकी आहे. तरी त्याचा वाचन-कुलूपाचा पर्याय मुळात 'काहीच नाही' असा असतो. समोरची बाजू फाइल लिहीत असतानाच कॅमल ती उचलतो आणि अर्ध्या ओळीवर थांबतो. 'चेंज्ड' पर्यायाने फाइलचा आकार स्थिरावेपर्यंत वाट बघता येते. त्याहून भरवशाचं म्हणजे समोरच्याला मुख्य फाइलनंतर एक रिकामी खूण-फाइल टाकायला सांगायची आणि तिचं नाव 'डन फाइल नेम'मध्ये द्यायचं. वाचून झालेली फाइल 'कॅमल' नावाच्या लपलेल्या उपफोल्डरमध्ये जाते. त्या फोल्डरची साफसफाई कुणीच लावत नाही, ती लावावी. एक्सेलमधून आलेल्या सीएसव्हीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची अदृश्य खूण असू शकते, तिच्यामुळे पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही. आणि विद्यार्थी क्रमांकाचे पुढचे शून्य एक्सेलने खाल्लेले असतात. क्रमांकाची लांबी तपासूनच पुढे जावं. कमी असेल तर स्वतःहून शून्य लावून न घेता फाइल परत करावी.

बाहेरून काही आणून संदेशात भरणारी 'पोल एनरिच' पायरी वेळमर्यादेशिवाय लिहिली तर फाइल येईपर्यंत तो धागा अनंत काळ थांबतो. मर्यादा कायम लिहावी.

हेडरची गळती

कॅमलमध्ये संदेशासोबत हेडरही (संदेशाला जोडलेली छोटी माहिती) रूटभर फिरतात, आणि हीच सोय अंगाशी येते. रेस्टने आलेल्या विनंतीचे हेडर तसेच राहिले आणि पुढच्या पायरीत दुसऱ्या प्रणालीला एचटीटीपी हाक गेली, तर मूळ विनंतीचा मार्ग, पद्धत, क्वेरी, कधी कधी परवान्याचं टोकनही तिकडे जातं. मूडलला पाठवलेली हाक भलत्याच पत्त्यावर का गेली, याचं उत्तर बहुतेक वेळा यातच असतं. प्रत्येक बाहेरच्या हाकेआधी 'कॅमलएचटीटीपी'ने सुरू होणारे सगळे हेडर आणि 'ऑथोरायझेशन' काढून टाकावेत. हा सुरक्षेचाही प्रश्न आहे. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेली सीव्हीई-२०२५-२७६३६ ही त्रुटी नेमकी इथली होती: हेडर गाळणारी चाळणी लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने चुकवता येत होती. दुरुस्ती ४.१०.२, ४.८.५ आणि ३.२२.४ या आवृत्त्यांत आली. त्याहून जुनी प्रत बाहेरच्या जाळ्याला उघडी असेल तर आधी ती बदलावी.

लॉगचंही तसंच. संदेशाचा मजकूर लॉगमध्ये छापणारी ओळ चाचणीत उपयोगी पडते आणि प्रत्यक्ष चालवताना विद्यार्थ्यांचे फोन आणि जन्मतारखा साध्या फाइलमध्ये सांडते. कॅमलचा झाकण्याचा पर्याय पासवर्डसारखे ठरावीक शब्द ओळखतो. जन्मतारीख त्याला कळत नाही. लॉगमध्ये कायम क्रमांक आणि घटनेचा प्रकार एवढंच छापावं.

जे कॅमलमध्ये नाही

कोणत्या सेवा आहेत, त्यांचे करार काय, कोण वापरतं, याची नोंदवही कॅमल देत नाही. ४.६ पासून ओपनएपीआयची (सेवेचा करार मांडणारी) फाइल आधी लिहून तिच्यावरून रेस्टचे दरवाजे उघडता येतात, आणि फाइलमधल्या एखाद्या क्रियेला रूट नसेल तर कार्यक्रम सुरूच होत नाही. ही शिस्त फार उपयोगी आहे, तिचा फायदा घ्यावाच. एलटीआय किंवा वनरोस्टर या शैक्षणिक मानकांसाठी मात्र तयार घटक नाही. वनरोस्टर साध्या रेस्टने हाताळता येतं, एलटीआय १.३ च्या टोकनांची देवाणघेवाण मूडलवरच सोडावी, मधे कॅमल आणू नये.

परीक्षेची जुनी प्रणाली फक्त सोप बोलत असेल तर सीएक्सएफचा घटक आहे. त्याच्या 'पेलोड' पद्धतीत काम करावं. जावाचे वर्ग बनवून चालणारी पद्धत नीटनेटकी वाटते, पण विक्रेत्याने वर्णन-फाइल बदलली की वर्ग पुन्हा बनवून सगळं पुन्हा चढवावं लागतं.

देखरेखीसाठी हॉटिओचा फलक आहे: कुठला रूट चालू, किती संदेश गेले, किती फसले हे दिसतं, रूट थांबवता येतो. विद्यार्थी विभागातल्या कर्मचाऱ्याला मात्र 'या विद्यार्थ्याचं कुठे अडकलं' असं विचारायचं असतं, आणि ते तिथे कळत नाही. आउटबॉक्स आणि डेड लेटरच्या टेबलांवर एक साधं पान बांधावंच लागतं: क्रमांक टाका, प्रत्येक प्रणालीची स्थिती बघा, दुरुस्त करून 'पुन्हा पाठवा' दाबा. या पानाचा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही तर सगळ्या तक्रारी प्रोग्रॅमरच्या टेबलावर येतात. काओतो हे चित्रमय साधन यॅमलचे रूट काढायला मदत करतं. नवख्याला रूट समजावून सांगायला ते चांगलं आहे, पण वरच्या खाचा चित्रात दिसत नाहीत.

रूट बारीक ठेवावेत, हेही इथेच सांगायला हवं. कॅमलमध्ये अटी लिहिणं इतकं सोपं आहे की 'शुल्क अर्धं भरलं असेल आणि शिष्यवृत्ती मंजूर असेल तर' असले नियम रूटमध्ये शिरतात. मग शुल्काचा नियम शुल्काच्या प्रणालीत एक आणि रूटमध्ये दुसरा, असं होतं. नियम ज्या प्रणालीचा, तिनेच निर्णय सेवा म्हणून द्यावा; रूटने फक्त विचारावं. एक तक्ता करावा: नाव कोणाकडून, पत्ता कोणाकडून, कार्यक्रमाचा संकेत कोणाकडून, स्थिती कोणाकडून. प्रत्येक रकान्याला मालक एकच. त्या तक्त्यावर कुलसचिव, परीक्षा विभाग आणि ग्रंथालय यांच्या सह्या घ्याव्यात, कारण पुढचे वाद तांत्रिक नसतात.

चालवायला काय लागतं

४ च्या मालिकेत दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या निघत राहतात आणि प्रत्येकीला साधारण एक वर्ष आधार मिळतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी आवृत्ती बदलावीच लागते. हे टाळणाऱ्यांची प्रत दोन वर्षांत दुरुस्त्यांच्या बाहेर जाते. त्यासाठी परीक्षांचे निकाल लागल्यानंतरचा आणि प्रवेश सुरू होण्याआधीचा आठवडा राखून ठेवावा. रूट बंद करताना कॅमल चालू संदेश संपायला मुळात ४५ सेकंद देतो. तुमच्या कंटेनरची (कॅमल ज्यात चालतो त्या वेष्टणाची) बंद व्हायची मुदत त्याहून कमी असेल तर संदेश मधेच तुटतो, ती ६० वर न्यावी.

चाचणीची साधनं भरपूर आहेत. रूटचं मूळ टोक बदलून तिथे नकली टोक लावता येतं, आणि किती संदेश आले, कोणते हेडर होते हे तपासता येतं. यशाच्या चाचण्या सगळे लिहितात. फसण्याच्या चाचण्यांसाठी प्रत्येक प्रणालीची खरी वाईट उत्तरं नावं पुसून नमुना-फाइली म्हणून साठवावीत: मूडलचं २०० मध्ये दडलेलं एक्सेप्शन, नुसतं 'नल', कोहाचं ४०९, अर्धवट सीएसव्ही, शून्य खाल्लेला क्रमांक. आवृत्ती बदलण्याच्या आधी आणि नंतर या फाइली सगळ्या रूटमधून चालवाव्यात, आणि प्रत्येक वाईट नोंद आउटबॉक्समध्ये 'अडकलं' म्हणूनच दिसते का ते बघावं. एखादी नोंद 'झालं' दिसली तर ती प्रत चढवू नये.